खोली नंबर दोन

कॅम्पातला जुना बंगला, तिकीट दहा रुपये.
रखवालदार बस्त्यांव, खानापूरकडचा,
जांभई मराठीत देतो, पावती कन्नडात फाडतो.
मी तिसऱ्यांदा आलोय.
आत्तीला आज आणलं, केवळ सावलीसाठी;
दवाखान्यात नंबर तीनचा आहे
आणि तिची एकादशी.

भिंतीवर जगाचा नकाशा, पाचशे वर्षांपूर्वीच्या नकाशाची नक्कल,
काचेला आतून ओल आलेली.
डाव्या कडेला हिरवी झाडं, लाल पोपट,
पोपटांमागे नुसता कागद.
मधून एक उभी रेघ.

"ही कसली रे?"
दोन राजांनी पृथ्वी वाटून घेतली, आत्ते.
न बघितलेलीसुद्धा.
ती वाकून बघते, उताऱ्यावरचा गट नंबर बघावा तशी.
"तितल्या माणसास्नी इचारलं?"
नाही.
"मग आमच्यागतच की,"
म्हणते, आणि पदर सावरत पुढे जाते.
बस्त्यांव छताकडे बघतो.

पुढच्या पेटीत एक पान,
कुठल्याशा इटालियन वैद्याच्या ग्रंथातलं.
खाली लॅटिन, इंग्रजी, कन्नड,
आणि कुणीतरी हातानं लिहून डकवलेली मराठी चिठ्ठी,
अर्धी सुटलेली.
आत्तीला एकही वाचायची गरज पडत नाही.
निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं
हेच पान झाडलं, निवडलं, पोत्यात दाबलं तिनं.
"ओलं आसताना काडलंय चित्तर.
सुकल्यावर कड वळती. ही शीर तर चुकलीच."
साडेचारशे वर्षांनी त्या चित्रकाराला
खरा तपासनीस भेटला.
मग ती शिंकते. सवयीनं, दोनदा.

पायरीवर डबा उघडला.
कुद्रेमनीच्या तांबड्या मातीतली उकडलेली रताळी,
दाण्याची चटणी, तिच्यात हिरवी मिरची, बाजूला बटाट्याचा कीस.
मला राहवेना.
आत्ते, तुझा उपवास सगळा त्या पोपटांच्या देशातनं आलाय,
बोटीत बसून.
ती चावायची थांबली नाही.
"आल्यावर कुणी परत पाटवलं न्हाई न्हवं?
मग घरचंच ते."

अर्धं रताळं बस्त्यांवच्या हातावर ठेवलं.
"तुजं आडनाव रं?"
"फेर्नांदीस. तेबी बोटीतनंच आलंय, बाई."
"बरं. साल काडून खा."

आम्ही हसलो तिघंही.
चपला घालता घालता तिला काय आठवलं कोण जाणे,
पुन्हा आत गेली, एकटीच,
त्या कोऱ्या कागदासमोर उभी राहिली.
"हितं काय हुतं?"
माणसं होती, आत्ते.
"पोपट काडायला सवड झाली की त्येला."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
चिठ्ठीवरही नव्हतं.
पावणेतीन झाले होते.
दवाखान्यात आता तिचं नाव पुकारतील,
बहुतेक चुकीचं,
आणि ती ओ देईल.