कवतिक

रविना कुळसंगेनं वहीत लिहिलं होतं,
‘काल आमी विहिरीचं कवतिक पाहाले गेलो.’
मी लाल पेन चालवला.
पाहाले खोडून पाहायला,
कवतिक खोडून कौतुक,
आणि समासात : कौतुक पाहत नाहीत, करतात.
विहिरीचं कौतुक कोण आणि कशाला करेल,
हे तेव्हा सुचलं नाही.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे कौतुक
पहिल्या नंबराचं, नव्या जावयाचं,
आणि भांडण पेटलं की
‘पुरे झालं तुझं कौतुक.’
एवढंच चलनात.

मधल्या सुट्टीत ती टेबलाशी आली.
‘मॅडम, चाला न. पाहून घ्या,
मंग खोडजा.’

आंबेझरीच्या वरल्या अंगाला, पऱ्हाटीच्या वावरात
फकिरा कुमरेची विहीर बत्तीस फुटांवर थांबलेली.
पाणी लागलं होतं,
पण पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
सुरुंगानं उडवलेल्या काळ्या धोंड्यांत
एक पिवळट दगड, अंगणात भाकर ठेवावी तसा मधोमध,
आणि त्यात शंख.
करंगळीच्या नखाएवढे. शेकड्यांनी.
गोगलगायी निघून गेलेल्या,
दगड आत शिरून बसलेला.

वाहवा कुणी केली नाही.
तंबाखू मळता मळता फकिराचा अंगठा
तळहातावर तसाच थांबलेला.
सोमीबाईनं एक तुकडा कानाशी धरला,
मग जिभेला लावला.
‘खारट नाही. तळं असन इथं.
पर तळ्यावर येवढा गोटा
कोनं आणून ठेवला?’
उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि
त्याची कुणाला घाईही नव्हती.
ती वाकून त्या खड्ड्यालाच म्हणाली,
‘काय कवतिक आहे माय!’

रात्री वडिलांचा शब्दकोश काढला,
पाठीचा पुठ्ठा सुटलेला.
कौतुक : जाणून घ्यायची ओढ.
नवल. नवलाची वस्तू.
आणि मग, खाली, प्रशंसा.
मी आजवर
शेवटच्याच ओळीवर भागवत आले होते.

सकाळी रविनाची वही मागून घेतली.
लाल शाई खोडता येत नाही;
कवतिकखाली बारीक टिंबं दिली,
बाजूला लिहिलं : आहे तसंच ठेवावं.
समासातलं वाक्य मात्र
चांगलं दोन रेघांनी कापलं.

ती वाचत उभी राहिली.
‘आन मॅडम,
पाहाले?’

मी पेनाचं टोपण शोधत राहिले.