वरचा आकडा

सकाळी सहाला, चहाआधी, मी एगोनच्या दंडाला पट्टा गुंडाळते.
पट्टा फुगतो. खिडकीबाहेर नेकार नदीतून मालबोट सरकते.
एकशे ब्याऐंशी.
वहीत लिहिते. ही सातवी वही.

पाच गोळ्या. एकीनं घोटे सुजवले,
एक रात्री तीनदा उठवते,
उरलेल्यांची नावं मला पाठ, त्याला नाहीत.

एकतीस वर्षं तो जमिनीखाली मीठ फोडत होता.
घरी यायचा तेव्हा पापण्यासुद्धा खारट.
आता त्याचं सूप अळणी.
खाल्ल्या मिठाला माणूस जागतो म्हणतात;
इथे मीठच जागं राहिलं, रक्तात.

आणि मी अकरा वर्षं दार आपटलेलं नाही.
मला न विचारता त्यानं उतारावरचा द्राक्षमळा
बहिणीच्या, इर्मट्राउटच्या, नावावर केला,
तेव्हाही मी बटाटे सोलत राहिले.
त्याचा पारा चढू नये म्हणून माझा गिळला.

डॉक्टर योझकाननं फॉर्मच्या पाठीवर चित्र काढलं:
मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी, तिला बिलगलेले मज्जातंतू.
"हे सारखे कुजबुजतात, दाब वाढव, दाब वाढव.
आपण आतून थोडी धग देऊन त्यांना गप्प करू."
"सुरुंग?" एगोननं विचारलं.
"तांदळाच्या दाण्याएवढा."

जांघेतून नळी वर गेली. तो अर्धवट जागा होता.
कंबरेत कुणी चुलीचं झाकण उघडतंय, बंद करतंय,
आधी उजवीकडे, मग डावीकडे,
असं त्यानं नंतर सांगितलं,
पाय सरळ ठेवून, छताकडे बघत.

दुसऱ्या दिवशी एकशे एक्याऐंशी.
मी वही जरा जोरातच मिटली.
"थांबा," डॉक्टर म्हणाली, "काही जणांना उशिरा लागू पडतं.
काहींना नाहीच."

फेब्रुवारीत एकशे सहासष्ट.
एप्रिलमध्ये, चार गोळ्यांवर, एकशे अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मग मी पट्टा सोडला, खुर्ची ओढली,
म्हणाले, "त्या द्राक्षमळ्याबद्दल बोलायचंय."

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही.
मग आवाज चढला. त्याचा, माझा,
अंड्याची वाटी टेबलावरून गडगडत गेली,
बोटीवरच्या माणसानंही वळून पाहिलं असेल.
मध्येच एगोन थांबला, लालबुंद,
बाही सरकवून दंड पुढे केला:
"मोज."

"आधी उत्तर दे," मी म्हणाले.