ठिबकची पाहणी

अकरा शेतांचे अकरा फोटो,
अक्षांश-रेखांशासकट.
प्रत्येकात काळ्या नळ्या
आणि लाभार्थी, हात मांडीला चिकटवून,
शाळेत उभं केल्यासारखा.

प्रत्येकात एक कुत्रंही.

भूमच्या ऑफिसात चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
गुंडेराव खरात: उजवा कान तुटका.
शेवंता मोटे: उजवा कान तुटका.
सय्यद लतीफच्या रानात ते बसलेलं, जीभ बाहेर,
नळ्यांच्या टेम्पोमागं पळून पळून
दमलं असणार.

साहेब म्हणाले, काढा उरकून, मार्च आहे.
शेऱ्याचा रकाना मी
कोराच ठेवला, सही तेवढी केली.

एसटीत बसल्यावर आठवलं,
सातव्या फोटोत ते
नळीला तोंड लावून उभं होतं.
पाणी सोडलंच नव्हतं कुणी.