पैजेचे सहा चहा

गुरुवारची रात्र, ओव्हरटाइम नव्हता.
कंपनीच्या बसने आम्ही नऊजण सोहारला गेलो,
मॉलचा तिसरा मजला, थ्रीडी.
तिकीट साडेतीन रियाल.
जयवंत तोडणकरने मनात त्याचे रुपये केले
आणि खुर्चीत जरा जपून बसला.

पडदा उजळला आणि, खोटं कशाला बोलू,
तोंड उघडंच राहिलं.
दोन सूर्य. एक तांबडा, एक दुधाळ,
मधून जहाज आलं आमच्या अख्ख्या रिफायनरीएवढं,
पोटाखालचा एकेक बोल्ट दिसत होता.
तोडणकर वेल्डर. कुजबुजला,
"सांधा बघ. थेंब ओघळला नाही कुठे."
जहाजानं धुरळा उडवला
तेव्हा पुढच्या रांगेतल्या ओमानी पोरानं
मांडीवरची दिशदाशा झटकली.

मग माणसं बोलायला लागली
आणि दिलावर खतीब सावरून बसला.
दिलावर राजिवड्याचा, परातीवर चढणारा.
"तो म्हातारा डॉक्टर मरणार. लाव एक चहा."
म्हातारा बाराव्या मिनिटाला गेला.
"हा गोड बोलतोय ना, हाच फितूर."
दोन.
"यंत्रमानव जीव देणार,
आणि जाता जाता एक विनोद करणार."
दिला. केला.
"ती हेल्मेट काढेल, हवा बरी निघेल."
चार चहा.
"घड्याळ एकवर थांबेल."
आम्ही आठही जणांनी शून्य मागितलं,
हट्टानं, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालावं तसं.
एकवर थांबलं.

मध्ये एक जागा होती.
नायक एकटाच चाललाय. वाळू, नुसती वाळू.
अंगात जाड पोशाख, पाठीवर पाणी,
डोळ्यांपुढे काच, काचेच्या आत घाम,
लांबवर एक ज्वाळा
आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज.
सगळं थेटर गप्प.
आमच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं.
"अरे, हा तर युनिट चार!"
मग आम्हाला आवरेना.
मागच्या कुटुंबवाल्यांनी दटावलं.
शफीकुल तेवढा गंभीर होता. म्हणाला,
"इसके टोपी में पंखा है।"

शेवटाकडे संगीत चढलं, खुर्च्या थरथरल्या.
दिलावर बोलेना. वळून बघतो तर
चष्मा नाकावर, हात पोटावर, झोपलेला.
शटडाउनच्या तीन रात्री होत्या त्याच्या अंगावर.

पडद्यावर नायक घरी पोचला.
दार. दारात बाई. बाईच्या मागे मुलगी,
हा गेला तेव्हा नसलेली.
हे मला केव्हाच कळलं होतं.
शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं:
मुलगी पुढे येणार, थबकणार, मग धावणार.
ती थबकली.
आणि सगळं ठाऊक असलेला मी
खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणत होतो,
धाव ना.

धावली.

गेल्या मे महिन्यात खेडच्या स्टँडवर
माझी आजोबांच्या लेंग्यामागे गेली होती.

दिवे लागले. दिलावरला हलवला.
"वाचला?"
"वाचला."
"पोरगी धावली?"
"हो, पण ते तू कुठे म्हणालास?"
"झोपेत म्हणालो. धर सहा."

खाली करकच्या टपरीवर निकाल लागले.
कुरियन फोरमन: "चित्रांतच पैसे संपले,
गोष्टीला उरले नाहीत."
तोडणकर: "गोष्टीचं काय घेऊन बसलात,
सांधे बघितले का सांधे?"
ते ओमानी पोरगंही चहाला आलं होतं,
हात झटकून म्हणालं, "खलास."
एवढा एक शब्द आम्हाला न शिकवता येतो.
मी काही बोललो नाही.
मला तो आवडला होता
आणि का आवडला हे सांगायची लाज वाटत होती.

परतताना बसचा एसी बंद. काचांवर दमट धुकं.
नंदू घाणेकर चष्मा परत द्यायला विसरला होता,
तो चढवून खिडकीला नाक लावून बसला.
दूर रिफायनरीची ज्वाळा,
काळ्यावर पिवळी, एका बाजूला कललेली.
"काय दिसतंय?"
"तेच."
दिलावर डोळे मिटूनच म्हणाला,
"उद्याही जळत असेल. लाव चहा."
कुणी लावला नाही.