गोव्हनच्या गच्चीवरून

अकरा दिवस झाले, ग्लासगोत सूर्य नाही.
म्हणजे असेल.
आमच्यापर्यंत पोचलेला नाही.
क्लाइडवर राखाडी गोधडी, तिच्याखाली क्रेन,
आणि गच्चीवर आमचा अँटेना
भिजत, मान वळवत
एका डब्याची वाट बघत.

डबाच तो. पोळ्यांचे दोन डबे एकावर एक ठेवावेत एवढा.
चार किलो सहाशे ग्रॅम.
वरचे सहाशे ग्रॅम माझे :
एक चाक, वंगणाशिवाय फिरणारं,
आमच्याआधी कोणी वर न नेलेलं.
चाकाने डब्याला धरायचं,
डब्याने सूर्याकडे बघायचं, पापणी न लववता,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडद्याआडून.

टाके इफी मॅकॉस्लनचे.
तिचे वडील समोरच्याच गोदीत रिव्हेट ठोकायचे.
जहाज पाण्यात सोडताना सगळी वस्ती जमायची म्हणे.
आपलं कुरिअरने गेलं, इफी म्हणते,
बबल-रॅपमध्ये.
सही मीच केली.

सतराव्या दिवशी चाक अडलं.
डबा गरगरू लागला.
दर बेचाळीस सेकंदांनी सूर्य एकदा समोरून जायचा,
जत्रेतल्या पाळण्यातून
आपलं घर दिसून जावं तसा.
मी अहवालात लिहिलं, चाचणी अयशस्वी.
मग खोडून, चाचणी पूर्ण.
दोन्ही खरं होतं.

आज नऊ मिनिटांची भेट.
सात बावन्नला तो दक्षिणेच्या डोंगरांवरून वर आला.
इफीने किटली लावली.
मी आदेश पाठवला : उलटं फिर, जरासंच,
गंजलेला नळ आधी थोडा आवळून
मग सोडतात तसं.

बेचाळीस.
अठ्ठावन्न.
एकशे दहा.
मग आकडेच नाहीत, नुसती सरळ रेघ.
बघतोय, इफी म्हणाली. चहा ओतायचा राहिला.

आणि शेवटच्या मिनिटात, तो नॉर्वेकडे बुडता बुडता,
रेघेवर एक सुळका.
भडका.
आठ मिनिटांपूर्वी निघालेला,
म्हणजे मी आदेश टाइप करत होते,
एक अक्षर चुकून परत लिहीत होते,
तेव्हाच तो वाटेला लागला होता.

मी इफीला आमची म्हण सांगितली,
कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही.
ती विचारात पडली.
पण कोंबडं झाकतं कोण?

या शहरात ऊन पडलं की
पुरुष भर रस्त्यात सदरे काढतात.
खिडकीवर पाऊस तसाच.
इफीने कार्डिगन काढलं,
घडी न घालता खुर्चीवर टाकलं
आणि गार चहा प्यायला बसली.