ऐच्छिक

हीऊमा बेटावर, सोरू बंदराच्या कचेरीत
जिन्याखाली आमचा सर्व्हर घुरघुरतो.
त्या खोलीत तो, मी, आणि खुंटीवर एंडेलची लोकरी टोपी.
तो निवृत्त झाला, टोपी राहिली.

डिस्क भरत आली होती. फेब्रुवारी.
समुद्र गोठलेला, बोटी ताडपत्रीखाली,
म्हटलं, हीच वेळ, खोगीरभरती उपसून काढू.

एंडेलनं शिकवलेलं हात विसरत नाहीत:
आधी प्रत घे. घेतलीस? उघडून बघ.
न उघडलेली प्रत म्हणजे नुसती समजूत.
मग यंत्राला विचार, काढलं तर काय काय जाईल?
नुसतं विचार.
विचारायला पैसे पडत नाहीत.

कारण पॅकेज एकटं येत नाही.
तुम्ही बोलावता एका नकाशाला,
त्याच्यामागून त्याचे फॉन्ट,
फॉन्टांचा मामा, मामाची कसलीशी लायब्ररी,
सगळा गोतावळा पिशव्या घेऊन उंबऱ्यात.
एवढ्यांना आत घेऊ का, यंत्र बिचारं विचारतं,
आणि आपण न वाचता हो म्हणतो.
मी तरी म्हणायचे.

तर विचारलं. एक्केचाळीस नावं आली,
खाली शेरा: यांची आता कुणालाच गरज नाही.

चहा घेऊन एकेक वाचत गेले.
तीन ड्रायव्हर, ज्यांचा प्रिंटर केव्हाच भंगारात.
एक बुद्धिबळ. (एंडेल!)
फॉन्टांचा मामा.
सदतिसावा, एक आवाज:
दिलेला मजकूर मोठ्यानं वाचणारा,
अकरा वर्षांचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात,
कपाळावर चिठ्ठी, ऐच्छिक.

बोट एंटरवर होतं.
का कोण जाणे, आधी नोंदी उघडल्या.
रोज पहाटे पाच दहाला
कुणीतरी त्याला उठवतं, चाळीस सेकंद बोलवतं,
पुन्हा झोपवतं. फोनच्या लाइनवर.
नंबर एकच. रविवारी तोच. आज पहाटेही तोच.

एंडेलला फोन लावला.
'साल्मे असेल,' तो म्हणाला. 'एम्मास्टेची.
तिला दिसत नाही. कालयो जाळी टाकायला निघायचा,
तेव्हा ती त्याला वारा सांगायची.'
मग आता कालयो…?
'सहा वर्षं झाली त्याला जाऊन.'
चमचा कपात फिरल्याचा आवाज.
'वारा आहे ना अजून.'

यंत्र खोटं बोललं नव्हतं.
कुठल्या पॅकेजला कुठलं पॅकेज लागतं
एवढंच त्याच्या वहीत असतं.
मी त्या वहीत एक ओळ बदलली:
आपोआप आलेलं, हे खोडून
हातानं मागवलेलं.

मग बाकीची काढली, तीन-तीन करून,
मध्ये थांबत, सगळं चालतंय ना बघत.
तरी घोटाळा झालाच. मामा गेला
आणि धक्क्यावरच्या फलकावर
सोरूमधला तो 'ओ', डोक्यावर लाट घेतलेला,
चौकोन झाला. रिकामा.
बंदराचा मुकादम वर येऊन म्हणाला, विर्वे,
आपल्या गावाच्या नावाला खिडकी कुणी पाडली?
मामाला मानानं परत बोलावलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
पॅकेज गेली, सेटिंगच्या फायली तशाच मागे,
त्या वेगळ्या पुसाव्या लागतात, एकेक बघून.
बुद्धिबळाच्या फायलीत अर्धवट डाव सापडला,
काळ्याचा वजीर अडकलेला, चाल एंडेलची.
पुसला नाही, त्याला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला
हेडफोन लावून बसले होते.
आवाज अगदीच सुमार, शब्दांवर ठेचकाळणारा:
वारा वायव्येचा, सेकंदाला सात मीटर.
किनाऱ्यालगत बर्फ.
लाइन लगेच तुटली नाही.
पलीकडे कुणीतरी खाकरलं,
खुर्ची सरकली.

डिस्क आता चौतीस टक्के मोकळी आहे.