परतीची वेळ

नेत्रावळीच्या चौकीवर सोयरू वेळीप
गळ्यातलं कार्ड पुढे करतो
आणि मी ते खरंच वाचतो.
तीस वर्षं ऑडिटात गेली माझी,
शिक्का दिसला की डोळे तारीख शोधतात.
क्रमांक आहे. मुदत मार्चपर्यंत.
प्लास्टिकच्या आत ओल शिरलीय,
फोटोतला अर्धा गाल जांभळ्या शाईखाली.
उरलेल्या अर्ध्याला मिशी नाही,
समोरच्याला आहे, पिकलेली.

"बाराशे?" मी म्हणतो. "नकाशा आहे फोनमध्ये."
मेव्हणा मागून खोकतो, त्याला घासाघीस आवडते.
"आसूं दी," सोयरू म्हणतो, "त्यालाही घेऊ बरोबर.
त्याचे वेगळे पैसे नाहीत."

अर्ध्या तासात फोनचं नुसतं घड्याळ उरलं.

फारसा बोलत नाही तो.
आमच्या मोज्यांना तंबाखूचं पाणी चोळतो जळवांसाठी,
स्वतःच्या पायात रबरी चप्पल, एक पट्टा सुतळीचा.
गव्याचं शेण दाखवून म्हणतो, "आजचं."
मेव्हण्याची धाकटी शेणाचा फोटो काढते,
मग त्याचा, मग पुन्हा शेणाचा.

वेताच्या एका जाळीपाशी मात्र थांबला.
"हांगा म्हज्या बापायक धरिल्लो."
एका टोपलीपुरता वेत तोडला होता म्हणे.
साठ रुपये दंड.
पावती अजून आहे पत्र्याच्या पेटीत,
लग्नाच्या नाडापुडीशेजारी.
एवढं सांगून त्यानं कार्ड शर्टाच्या आत सारलं,
फांद्यांत अडकतं म्हणून.
कुठल्या सालची पावती, कुणाची सही,
मी विचारलं नाही.
असं माझ्याकडून होत नाही सहसा.

धबधबा ऐकू येत होता.
एकच व्हाळ ओलांडायचा राहिला होता,
घोट्याएवढं पाणी, तळाचे खडे मोजता येतील असं.
सोयरू वाकला. ओंजळ भरून घेतली,
नाकाशी नेली, सोडून दिली.
बायकोनं चप्पल हातात घेतलीच होती.
"फाटीं," तो म्हणाला. मागे फिरा.

वर स्वच्छ ऊन.
मेव्हणा म्हणाला, पैसे धबधब्याचे दिलेत,
वाटेचे नाही.
"अर्धे परत देतो," सोयरू म्हणाला,
आणि धाकटीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकून
चालायलाही लागला.
तिच्या पिशवीत सगळ्यांचं पाणी होतं.
आम्ही काय करणार, गेलो मागोमाग.

मागे काही आलं का, माहीत नाही.
व्हाळ फुगला, की तसाच घोट्याएवढा वाहत राहिला,
कसलाही पुरावा नाही माझ्याकडे.
एकदाच वळून पाहिलं,
तर झाडं होती.

चौकीवर लाल कापडाच्या पाठीची नोंदवही.
नाव, गाव, माणसं किती, आत कधी, बाहेर कधी.
शेवटच्या रकान्यात पानोपान त्याचंच अक्षर,
डावीकडे कललेलं, चढण चढल्यासारखं.
तो टेबलाचा खण उघडून पेन शोधतो तोवर
मी पानं चाळतो. हाताला दुसरं येत नाही काही.
दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. खानापूरची चार माणसं.
आत नऊ दहा.
बाहेर
कोरं.
बोट तिथंच राहिलं माझं.
"हे काय?"

त्यानं पेन झाडलं, तळव्यावर एक रेघ ओढून पाहिली.
"आले ते. पेन सुकिल्लें त्या दिवशी."

अशा उत्तरांवर मी आयुष्यभर
समासात लाल शेरे मारत आलो.

आमच्या ओळीत तो लिहितो: तीन चाळीस.
सहाशे रुपये मोजून टेबलावर ठेवतो,
मेव्हणा उचलून पुन्हा मोजतो.
वही माझ्याकडे सरकते सहीसाठी.
धाकटी नळावर पाय धुतेय,
बायको बाकावर, मेव्हणा इथंच.
मी.
चार.
मग पेन घेतो त्याच्या हातातून.